ठेवणीतला दुसरा गिअर

दीनानाथ खांबेटे यांची आणि माझी पहिली भेट धावत झाली. म्हणजे धावत मी होतो. ते बसलेले होते.

विश्रांतवाडीत राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. आळंदी रस्त्यावरच्या थांब्यावर मी बसची वाट पाहत होतो आणि बस माझी. तेवढ्यात लांबून एक आवाज आला. कोणीतरी लोखंडी कपाट फरशीवरून ओढत आणतंय आणि त्या कपाटात मांजर कोंडलेलं आहे, असा काहीसा. रस्त्यातली कुत्री उठून बाजूला झाली. केळीवाल्याने हातगाडी मागे घेतली. समोरच्या दवाखान्यात सलाईन लावून पडलेला पेशंट ठणठणीत होऊन खिडकीशी आला. आणि धुरळ्यातून एक आकाशी रंगाची जुनी फियाट प्रकट झाली. खिडकीतून पांढऱ्याशुभ्र केसांचं एक डोकं बाहेर आलं.

"बी विंगमधलं नवं बिऱ्हाड ना तुम्ही? स्टेशनला? या, सोडतो."

"वा, थांबवा की मग!"

"थांबवू? गिअर वाया जाईल. धावा!"

माणूस वयाने मोठा, त्यात शेजारी. मी धावलो. मी धावत असताना त्यांनी माझं मूळ गाव, नोकरी, सासुरवाडी आणि मी दूध कोणाकडून घेतो, एवढं विचारून घेतलं. "मागचं दार उघडं आहे, मात्र मडगार्डला हात लावू नका, कालच पॉलिश केलंय," अशी सूचनाही दिली. माझी एक चप्पल फुलेनगरपाशी राहिली. ती अजूनही तिथे असेल. येरवड्याजवळ मी आत पडलो. तिथून स्टेशन इतकं जवळ होतं की माझं उतरणंही धावतच करावं लागलं.

"पुन्हा भेटू," ते म्हणाले, "आणि बूट घालत जा."

दीनानाथकाकांची अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालव्याला पाणी कधी सोडायचं यापेक्षा कधी सोडायचं नाही, हे ठरवण्याचं काम त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांनी फार निष्ठेने केलं. जगातली प्रत्येक गोष्ट देवाने मोजून दिलेली आहे आणि ती पाळीपाळीने सोडायची असते, हे तत्त्वज्ञान त्यांनी तिथूनच आणलं. श्वास, काडेपेटीतल्या काड्या, गुडघे, जावयाशी बोलायचे विषय, सगळं मोजकं. गिअर तर फारच मोजके. "एका गिअरबॉक्सच्या नशिबात ठरावीक वेळाच गिअर बदलणं लिहिलेलं असतं," असं ते सांगत. "लोक ते सिग्नलला उधळतात. मी उधळत नाही."

त्यामुळे त्यांचा रस्ता आपल्यासारखा सरळ नसे. वाटेत गतिरोधक किती, सिग्नल किती, शाळा कुठे सुटते, म्हशी कुठे आडव्या येतात, याचा विचार करून ते निघत. दुपारी एक ते चार ही वेळ बाकीच्या पुणेकरांनी झोपेला दिली, काकांनी ती गाडीला दिली. भाजी घ्यायला ते तीन पेठा ओलांडून जात, कारण घराजवळच्या मंडईपुढे गतिरोधक होता.

गिअर टाकण्याची त्यांची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. या फियाटचा गिअर खाली नसतो. स्टिअरिंगच्या दांड्याला डाव्या बाजूने एक काठी आलेली असते, ती वर-खाली करायची. काका आधी काठीला नुसतं बोट लावत, जणू वैद्य नाडी बघतोय. मग क्लच दाबून काठी न्यूट्रलमध्ये. मग क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक हलकी टिचकी. मग पुन्हा क्लच, आणि मग गिअर. एकदा दाबायचा क्लच दोनदा दाबायचा. जुने ट्रकवाले याला डबल क्लच म्हणतात. काका ते करताना चेहरा असा ठेवत की आचमन चाललंय असं वाटे.

"आतल्या दोन चक्रांचा वेग आधी सारखा करून द्यायचा," ते मला समजावत. "वेग जुळला नाही तर दात एकमेकांवर आपटतात. लोक गिअर टाकतात, मारतात, कोंबतात. गिअरला बोलवायचं असतं हो. या म्हणायचं. तो येतो."

"आणि दोनदा दाबून क्लच दुप्पट झिजतो, त्याचं काय?" शेजारच्या सीटवरून मंदाकिनीकाकू विचारत.

या प्रश्नावर काका नेहमी आरशात मागची वाहतूक बघत. मागे वाहतूक नसली तरी बघत.

मंदाकिनीकाकू त्यांच्या पत्नी. शाळेत गणित शिकवत. बोलणं कमी, आणि जे बोलत ते उत्तर काढून खाली दोन रेघा मारल्यासारखं. लग्न झाल्यापासून त्या फियाटच्या डाव्या सीटवर बसत आल्या होत्या. गाडी शिकल्या का नाहीत, असं मी एकदा विचारलं. "गाडी शिकवायला हे बसले होते," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी गिअर बदलला, तर म्हणाले, आता उद्या." पार्किंगमधली ती जागा मोकळी व्हावी आणि तिथे आपल्याला कुंड्या ठेवता याव्यात, ही त्यांची फार दिवसांची इच्छा.

तर मी विश्रांतवाडीत येण्याआधीच या गाडीचा दुसरा गिअर एकदा खरखरू लागला होता. वेग जुळवून देणारी एक पितळी रिंग आत असते, ती झिजली होती. तशी रिंग कुठे मिळेना. शेवटी मांजरी गावच्या संभाजी घुलेंनी ती कुठूनतरी पैदा केली.

संभाजीराव हा माणूस गॅरेजवाला खरा, पण पोटासाठी नव्हे. उसाची जमीन बिल्डरच्या घशात गेली, तिथे बारा मजले उभे राहिले, आणि पैशाचं काय करायचं ते न सुचल्याने त्यांनी जुन्या गाड्यांचं गॅरेज काढलं. गळ्यात सोन्याची साखळी, हातात सोन्याचं कडं, आणि गाडीखाली गेले की ते कडं हटकून सायलेन्सरला अडकायचं. ज्ञानाबद्दल म्हणाल तर त्यांचे निम्मे अंदाज चुकत, पण चुकताना आवाज मोठा असे. काकांच्या फियाटवर त्यांचा पहिल्यापासून डोळा.

"काका, ही रिंग बसवली, पन आता पुन्यात दुसरी न्हाय," त्यांनी बजावलं. "जपून वापरा."

हे वाक्य त्यांनी भलत्याच माणसाला ऐकवलं.

खांबेट्यांच्या घरात 'ठेवणीतलं' हे एक स्वतंत्र खातं आहे. ठेवणीतल्या कपबशा आहेत. त्यांच्या तोलाचा पाहुणा आजवर आलेला नाही. ठेवणीतली चादर आहे. ती अंथरायची म्हणून काढली तेव्हा घडीवर फाटलेली निघाली, तर ती पुन्हा तशीच घडी घालून ठेवली. आता त्या खात्यात दुसरा गिअर जमा झाला. काकांनी त्याच दिवसापासून तो वापरणं बंद केलं.

"मग कधी वापरणार?" हे कळल्यावर मी विचारलं.

"कादंबरीच्या लग्नात."

कादंबरी ही त्यांची नात. तेव्हा ती शाळेत होती. लहानपणी काका तिला याच गाडीतून बालवाडीत सोडत. सोडत म्हणजे गाडी हळू करत आणि बाई दारात झेल घेत. तिने त्या वयात कधीतरी म्हटलं होतं, "आबा, मी नवरी झाले की तुमच्या गाडीतूनच जाणार." मुलं म्हणतात आणि विसरतात. आबांनी ते ठेवणीत टाकलं.

दुसऱ्या गिअरशिवाय पुण्यात गाडी चालवणं म्हणजे स्वयंपाकात मिठाशिवाय… नव्हे, पातेल्याशिवाय राहण्यासारखं आहे. पुणं हे मुळात दुसऱ्या गिअरचं शहर. काका पहिल्या गिअरवर गाडी अशी ताणत की ती किंचाळू लागे, आणि मग एकदम तिसरा टाकत. गाडी तापातल्या बैलासारखी थरथरे, दोन उचक्या देई आणि मग निमूट चालू लागे. समोर कोणी आलं की तिसऱ्यावरून थेट पहिला. तिथे डबल क्लचचं आचमन कितीही केलं तरी खर्रर्र व्हायचंच. तेच मी थांब्यावर ऐकलेलं कपाट आणि मांजर.

"काका, वापरा की दुसरा," संभाजीराव वैतागून म्हणत. "त्यो काय आंदन द्यायचाय का पोरीला? एक वाचवून दोन गिअर मारायलाय तुमी!"

"तुम्ही ऊस जपला नाहीत, संभाजीराव," काका शांतपणे म्हणत, "तुम्हाला नाही कळायचं."

वर्षं गेली. कादंबरी शिकली, हिंजवडीत नोकरीला लागली, आणि तिथल्याच केयूर नावाच्या सालस मुलाशी तिचं लग्न ठरलं. दोघांनाही डेस्टिनेशन वेडिंग करायचं होतं. खांबेट्यांकडे ठरलेलं डेस्टिनेशन वेडिंग म्हणजे दिवे घाट चढून गेल्यावर, सासवडच्या अलीकडचं एक लॉन.

ही बातमी ऐकली तेव्हा काकांचा चेहरा मी पाहिला. घाट! दिवे घाट काही हिमालय नव्हे, पण या फियाटला तो पहिल्यावर चढला तर इंजिन उकळतं आणि तिसऱ्यावर चढतच नाही. त्याला दुसराच लागतो. बारा वर्षं जपलेल्या गिअरसाठी साक्षात निसर्गाने आमंत्रण पाठवलं होतं.

"पाहिलंस?" ते काकूंना म्हणाले. "मी उगाच नव्हतो ठेवला."

काकूंनी मात्र तिथेच सौदा ठरवला, तोही संभाजीरावांना चहाला बोलावून, साक्षीदारासमोर. "अहो, ऐका. कादंबरीला घेऊन गाडी स्वतःच्या चाकांवर लॉनच्या दारात पोचली, तर राहू दे ती मरेपर्यंत पार्किंगमध्ये. मी कुंड्यांचं नाव काढणार नाही. पण दोर लावून नेली, तर ती तशीच पुढे मांजरीला जाईल."

"मंजूर," काका म्हणाले.

"मला बी," संभाजीराव म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी बाकीचं वऱ्हाड आदल्या संध्याकाळीच वर पोचलेलं. सकाळी फियाटमध्ये आम्ही चौघं: पुढे काका आणि काकू, मागे शालू नेसलेली, मुंडावळ्या पिशवीत ठेवलेली कादंबरी, आणि तिच्या शेजारी मी. माझी निवड वजन आणि उपयोग पाहून झाली होती. गाडी अडली तर ढकलायला. माझ्या मांडीवर रुखवतातलं साखरेचं तुळशीवृंदावन होतं. मागून पांढऱ्या एसयूव्हीत संभाजीराव. त्यांनी फेटा बांधला होता आणि सीटवर नवा कोरा दोर ठेवला होता.

"आबा, नर्व्हस?" कादंबरीने विचारलं.

"मी? छे. गिअर नवाकोरा आहे."

मुंढवा, हडपसर, फुरसुंगी, सगळं काकांनी पहिल्या आणि तिसऱ्यावर निभावलं. वडकी मागे पडली आणि समोर घाटाची पहिली चढण दिसली. काकांनी घसा साफ केला. बुशशर्टची कॉलर सारखी केली.

"आता," ते म्हणाले, "दुसरा."

क्लच, न्यूट्रल, टिचकी, क्लच. आणि खर्रर्र! हात पहिल्यावर गेला होता.

"चुकून," काका म्हणाले. गाडी आचका देऊन वळणावर बंद पडली. पुन्हा चालू केली. पहिल्यावर निघाली, किंचाळली. "दुसरा!" काका मोठ्याने म्हणाले आणि त्यांच्या हाताने, आम्ही तिघं बघत असताना, व्यवस्थित तिसरा टाकला. गाडी बसकण मारून थांबली. पुन्हा. तोंडाने दुसरा, हाताने तिसरा. पुन्हा. तोंडाने "दुसरा, दुसरा, दुसरा," हाताने तिसरा.

मग माझ्या लक्षात आलं. गिअर जागेवर होता, नवाच होता. हात मात्र बारा वर्षं त्या वाटेने गेलाच नव्हता. पहिल्याच्या समोर फक्त सरळ सरकायचं, तर तो सवयीने वाट वाकडी करून तिसऱ्याकडे जायचा. काकांनी गिअर ठेवणीत टाकला होता, आणि त्याच्याबरोबर तो टाकायची सवयही. गिअर टिकला. सवय घडीवर फाटली.

मागे वाहनांची रांग लागली. एक टेम्पोवाला हॉर्नवर जवळजवळ अख्खी सनई वाजवून मोकळा झाला. मी उतरून मागे दगड लावला. घाटात मी आयुष्यात प्रथमच उपयोगी पडलो, आणि त्याच हाताने तुळशीवृंदावनाचा एक कोपरा मोडला.

संभाजीराव दोर घेऊन आले. पण काकांचा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरला. "काका, लावू का? मुहूर्त जवळ आलाय. पोरगी वेळंवर पोचली पायजे."

काका स्टिअरिंगवरच्या आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "ऐकत नाही गं," ते हळूच म्हणाले. "मी सांगतोय, पण ऐकत नाही. कादंबरी, बाळ, तू संभाजीरावांच्या गाडीत बस."

"आबा, मी कुठेही जाणार नाही," कादंबरी म्हणाली. "केयूर थांबेल. त्याला वेट करायची सवय आहे, तो टेस्टिंगमध्ये आहे."

आणि मग डाव्या सीटवरून हुकूम आला.

"काढा तो हात."

"काय?"

"हात काढा म्हणते काठीवरून. तुमचा हात आजवर कोणाचं ऐकत आलाय? पाय तुमचे, हात माझा. आणि संभाजीराव, तो दोर गुंडाळा आधी, नवरीपुढे अपशकुन नको."

काकूंनी पदर खोचला आणि गिअरची काठी धरली. पुढची सीट सलग, काठी स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. हात सहज पोचत होता. इतकी वर्षं पोचतच होता म्हणा.

"मंदा, तुला जमेल? त्याला बोलवायचं असतं."

"बोलवत नाही, आणत्ये. इंजिन सुरू करा. क्लच."

पहिला पडला. मी दगड काढला आणि पुन्हा एकदा धावत गाडीत शिरलो. या गाडीत शिरायची मला दुसरी पद्धत माहीतच नव्हती. इंजिनाचा आवाज चढू लागला. काकू मान तिरकी करून ऐकत होत्या, वर्गात मागच्या बाकावर कोण बोलतंय ते ऐकावं तशा.

"दाबा," त्या म्हणाल्या. काठी न्यूट्रलमध्ये आली. "सोडा. दाबा. हां."

काठी सरळ समोर सरकली. खर्रर्र नाही, खट्ट नाही. लोण्यात सुरी जावी तसा दुसरा गिअर पडला आणि ती फियाट, जी मी आजवर फक्त रडताना ऐकली होती, चक्क गुणगुणू लागली.

वळण आलं, गेलं. खाली मस्तानी तलाव दिसू लागला. काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, काकूंचा एक हात काठीवर, आणि गाडी एका लयीत चढत होती. पुढच्या अवघड वळणावर एक ट्रक आडवा आला. वेग पडला, पहिल्यावर यावं लागलं. पुन्हा "दाबा, सोडा, टिचकी मारा, अहो टिचकी, लाथ नव्हे, दाबा," आणि पुन्हा दुसरा. एकदाही दात वाजले नाहीत.

"तुला हे कधी आलं?" काकांनी विचारलं.

"रोज बघत्येय. तुम्ही चुकलात की मी मनात बरोबर करायची."

"रोज?"

"रोज."

काकांनी पुढचं वळण घेतलं. मग म्हणाले, "क्लच दुप्पट झिजतो खरा."

काकूंनी या वेळी आरशात मागची वाहतूक पाहिली.

घाट संपला, सपाटी आली. "आता तिसरा टाकते," काकू म्हणाल्या. "नको," काका म्हणाले. "राहू दे दुसराच. एवढ्या वर्षांचा साठा आहे." त्यामुळे लॉनच्या कमानीपर्यंत आम्ही दुसऱ्यावर गेलो. इंजिन एवढ्या जोरात गात होतं की बँडवाल्यांनी आपला सूर बदलून घेतला. गाडी दारात उभी राहिली तेव्हा भटजी घड्याळ बघत होते आणि केयूर खरोखरच वाट बघत होता. संभाजीरावांनी फेटा काढून फियाटच्या बॉनेटवर ठेवला. कादंबरी उतरली आणि वाकून आधी आबांच्या पाया पडली, मग आजीच्या, मग, शालू सावरत, पुढच्या चाकाच्या. मुहूर्त साधला. तुळशीवृंदावनाचा मोडलेला कोपरा मी जिलेबीने झाकला.

काकूंनी शब्द पाळला. परत आल्यावर त्यांनी कुंड्यांचं नाव काढलं नाही. उलट दोघं आता जोडीने गाडी काढत. पाय काकांचे, हात काकूंचा. आळंदी रस्त्यावरच्या थांब्यावरचे लोक बघत राहायचे, आणि गाडी माणसं घ्यायला थांबायची सुद्धा.

दिवाळीच्या सुमारास गाडी पहिल्यावर निघेना म्हणून संभाजीरावांनी गिअरबॉक्स उघडला. दुसरा गिअर नवा होता. पहिल्याचे दात उरले नव्हते, आणि तिसऱ्याची रिंग तेलातच विरघळल्यासारखी नाहीशी झाली होती. तशी रिंग कुठेच मिळाली नाही.

गाडी आता मांजरीला संभाजीरावांच्या नव्या मिसळीच्या हॉटेलापुढे चौथऱ्यावर उभी आहे. लोक तिच्याशेजारी फोटो काढतात. बॉनेटखाली हॉटेलच्या पाण्याच्या टाकीचा पंप बसवला आहे. पार्किंगमध्ये कुंड्या आहेत. त्यांना पाणी काका सोडतात, पाळीपाळीने; त्यातल्या दोन जळाल्या.